किरण सोडणारा की किरण पडलेला?

आमच्या वाशिम जिल्ह्यात पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीला विज्ञान शाखेत आली की त्यांच्या हाती एकदम इंग्रजी पुस्तक पडते. अशाच एका अकरावीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर 'इरॅडिएटेड अनियन' हे दोन शब्द लिहिले आणि अर्थ विचारला. पुढच्या बाकावरील एका हुशार विद्यार्थ्याने चटकन उत्तर दिले, "किरणोत्सारी कांदा!" मागून दुसरा म्हणाला, "मग सर, तो खायचा कसा?"

प्रश्न अगदी योग्य होता, पण तो चुकीच्या अर्थातून निघाला होता. चूक भौतिकशास्त्राची नव्हतीच. ती होती शब्दाच्या शेवटी असलेल्या एका लहानशा प्रत्ययाची. तिचे मूळ आज आपण शोधू या.

क्रियापदाच्या धातूपासून जे विशेषण तयार होते त्याला आपण धातुसाधित विशेषण म्हणतो. इंग्रजीत अशी विशेषणे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एकाच्या शेवटी 'इंग' येते, तर दुसऱ्याच्या शेवटी बहुधा 'एड'. चुलीवरच्या पातेल्यात बुडबुडे येत असतात ते 'बॉइलिंग वॉटर', म्हणजे उकळते पाणी. ते सुमारे १०० अंश सेल्सिअसचे असते. पावसाळ्यात आई पाणी उकळून, गार करून माठात भरते ते 'बॉइल्ड वॉटर', म्हणजे उकळलेले पाणी. पहिल्यात हात घातला तर भाजेल, दुसरे पिऊन तहान भागेल. धातू एकच, पण पहिल्या शब्दात क्रिया चालू आहे आणि दुसऱ्यात ती होऊन गेली आहे.

जेव्हा एक वस्तू दुसऱ्या वस्तूवर काही करते, तेव्हा हा भेद आणखी महत्त्वाचा होतो. मग 'इंग'चे विशेषण करणाऱ्याला लागते आणि 'एड'चे विशेषण ज्याच्यावर क्रिया झाली त्याला. कंटाळा आणणारा तास 'बोअरिंग' असतो आणि त्या तासाला बसलेला विद्यार्थी 'बोअर्ड' होतो. एखादा विद्यार्थी 'आय अ‍ॅम बोअरिंग' असे म्हणाला, तर त्याचा अर्थ 'मी लोकांना कंटाळा आणतो' असा होईल!

गंमत अशी की, हा भेद आपल्याला मुळीच नवा नाही. मराठीत तास 'कंटाळवाणा' असतो आणि मुलगा 'कंटाळलेला'. चढण 'थकवणारी' असते आणि वाटसरू 'थकलेला'. यात आपली कधी गल्लत होत नाही. मग इंग्रजीत का होते? कारण बोलताना आपण 'बोअर' हा शब्द प्रत्यय कापूनच उचलला आहे. 'सिनेमा बोअर आहे' आणि 'मी बोअर झालो' ही दोन्ही वाक्ये आपण सर्रास वापरतो.

स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचीही इंग्रजी शिकताना हीच फजिती होते, मात्र वेगळ्या कारणाने. त्यांच्या भाषेत 'आबुरीदो' हे एकच विशेषण दोन्ही कामे करते. अर्थ बदलतो तो सोबतच्या क्रियापदाने, कारण 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदे त्यांच्याकडे आहेत. 'एस आबुरीदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, तर 'एस्ता आबुरीदो' म्हणजे तो कंटाळला आहे. इंग्रजीत 'असणे' एकच, म्हणून सगळा भार विशेषणाच्या प्रत्ययावर येतो आणि तिथे ती मुले अडखळतात.

आपल्या शास्त्रीय परिभाषेतही ही जोडी आहे. प्रकाश परत पाठवणारा आरसा 'परावर्तक' आणि परत आलेला किरण 'परावर्तित'. 'उत्तेजक' आणि 'उत्तेजित', 'विद्रावक' आणि 'विद्रावित' ही तशीच उदाहरणे. विजेच्या कामात तर हा भेद जिवाशी येऊ शकतो. 'इन्सुलेटिंग टेप' म्हणजे वीज अडवणारी पट्टी. 'इन्सुलेटेड वायर' म्हणजे अशा आवरणाने झाकलेली तार. तार स्वतः वीज अडवत नाही, तिच्यावरचे आवरण अडवते. आवरण निघाले की तीच तार घातक ठरते. शेतातल्या पंपाची वायर हाताळण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

आता कांद्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तेथे त्याच्यावर कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण सोडतात. येथे किरण सोडणारा आहे कोबाल्ट. कांदा आहे किरण पडलेला, म्हणजेच विकिरणित. 'किरणोत्सारी' हे विशेषण कोबाल्टचे आहे, कांद्याचे नव्हे.

पण चिकित्सक विद्यार्थी येथेच थांबणार नाही. तो विचारील, "किरण पडल्यामुळे कांदा स्वतः किरण सोडू लागणार नाही कशावरून?" याचे उत्तर व्याकरण देऊ शकत नाही. ते भौतिकशास्त्रानेच दिले पाहिजे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अणूतील इलेक्ट्रॉन उडवायला आणि कोंबाच्या वाढत्या पेशींतील डीएनए मोडायला ती भरपूर आहे, म्हणून कोंब फुटत नाही. परंतु कांद्यातील कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या केंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायला १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. केंद्रके जशीच्या तशी राहतात, त्यामुळे कांदा किरणोत्सारी होत नाही. भट्टीच्या उजेडात ठेवलेला कांदा अंधारात नेल्यावर प्रकाशत नाही, तसेच हे!

याउलट खुद्द कोबाल्ट-६० ची हकीकत पाहा. निसर्गात सापडणारा कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवून त्याच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतात. केंद्रक न्यूट्रॉन सामावून घेते आणि कोबाल्ट-६० तयार होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे मारा झालेला कोबाल्ट खरोखरच किरण सोडणारा झाला! तेव्हा प्रत्यय फक्त 'काय घडले' एवढेच सांगतो. 'त्याने काय झाले' हे ठरते मारा कशाचा आणि किती ऊर्जेचा यावर.

म्हणून असा शब्द दिसला की दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न, ही वस्तू क्रिया करणारी आहे की क्रिया झालेली? दुसरा, त्या क्रियेने वस्तूत कोणता बदल झाला? पहिल्याचे उत्तर भाषेच्या तासाला मिळते, दुसऱ्याचे विज्ञानाच्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हेच सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि लगेच विचारले, "मग सर, निर्जंतुक करणारी सुई आणि निर्जंतुक केलेली सुई, यांतली टोचायची कोणती?" धडा त्याला पुरता समजला होता.

आता तुम्ही करून पाहा. 'चार्जिंग' आणि 'चार्ज्ड', 'मॅग्नेटायझिंग' आणि 'मॅग्नेटाइझ्ड', 'फिल्टरिंग' आणि 'फिल्टर्ड', 'कूलिंग' आणि 'कूल्ड' या जोड्या वहीत लिहा. प्रत्येकीपुढे 'णारा' व 'लेला' लावून मराठी शब्द द्या आणि प्रयोगशाळेतील किंवा घरातील एकेक वस्तू तिच्यासमोर मांडा.