ऋतुराजच्या घरातून घेण्यासारखं

पिंपळे सौदागरच्या पालकांनो, शेजारच्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड 2008 मध्ये, अकराव्या वर्षी, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत दाखल झाला. वडील डीआरडीओत, आई शिक्षिका. तरी ‘क्रिकेट कमी कर, अभ्यास वाढव’ असा तगादा घरातून लागला नाही. 2021च्या आयपीएलमध्ये सर्वाधिक 635 धावा त्याच्याच!

मग सहा वर्षांच्या पोराला अंगापेक्षा मोठी पॅड बांधून नेटमध्ये उभं करायची घाई कशाला? बारा-तेरापर्यंत फुटबॉल, पोहणं, लंगडी सगळं खेळू द्या. क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ सांगतात, मुलाचं वय जितकं, त्याहून जास्त तास आठवड्याला प्रशिक्षण नको. कोपर कुठे ठेवायचं ते कोच बघतील, जाळीबाहेरून ओरडू नका. आणि एखाद्या सकाळी ‘आज नको’ म्हणाला, तर खुशाल राहू द्या.