काटकसरीच्या घरातील आनंद

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या घराघरांतून दोन याद्या तयार होतात. एक पूजासाहित्याची आणि दुसरी खर्चाची. पहिली यादी सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाते. दुसरी मात्र गृहिणीच्या मनात, किंवा फार तर कपाटातील एखाद्या वहीत, गुप्तपणे राहते. स्मरणिकांच्या पानांतून पहिल्या यादीविषयी प्रतिवर्षी पुष्कळ लिहिले जाते. आज दुसऱ्या यादीविषयी चार शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे. ज्या घरात ही दुसरी यादी शांत चित्ताने व सर्वांच्या विचाराने लिहिली जाते, त्याच घरात पहिली यादी आनंदाने पार पडते, असा माझा अनुभव आहे.

काटकसर हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या मुद्रेवर किंचित संकोच उमटतो. जणू काय काटकसर म्हणजे दारिद्र्याची कबुली, किंवा कृपणतेचे सभ्य नाव! वस्तुतः कृपण मनुष्य पैसा राखतो तो पैशासाठी. काटकसरी मनुष्य तो राखतो कशासाठी तरी. मुलाचे शिक्षण, पाहुण्याचे ताट, देवाचा उत्सव, डोक्यावरचे छप्पर, असे काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर असते. हे ‘कशासाठी’ जोवर स्पष्ट आहे, तोवर साधा भातही गोड लागतो. ते हरवले की मात्र काटकसरीचे रूपांतर कृपणतेत होण्यास वेळ लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी ही विद्या हौसेने संपादन केलेली नाही. १८३४ पासून मॉरिशसमध्ये करारबद्ध मजूर येऊ लागले, आणि त्यांत मुंबई बंदरातून आलेली आपली मराठी कुटुंबेही होती. पाच वर्षांचा करार, पुरुषास महिना पाच रुपये वेतन, आणि तांदूळ, डाळ, मीठ असा मोजून दिलेला शिधा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. ही ‘दुहेरी कपात’ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. अशा वेतनातून काय शिल्लक राहणार, असे कोणासही वाटेल. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी आपल्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकावयास काढल्या, तेव्हा त्या विकत घेणाऱ्यांत याच मजुरांची कुटुंबे होती. त्यांनी देवळे उभारली, बैठका चालविल्या आणि मुलांच्या हाती पाटी दिली. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती. ती ते जगले होते.

माझे बालपण १९८० नंतरच्या दशकातले. वडील उसाच्या मळ्यावर कामास होते आणि आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करी. १९७० मध्ये निर्यातीसाठी माल बनविणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, आणि पुढे १९८० नंतरच्या दशकात हे कारखाने इतके वाढले की गावोगावच्या हजारो स्त्रिया पहाटेच्या मोटारींतून कामास जाऊ लागल्या. आमच्या घरात प्रथमच दोन वेतने येऊ लागली; परंतु खाणारी तोंडे सात होती आणि घर अर्धे सिमेंटचे व अर्धे पत्र्याचे होते.

कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात, ज्यास आपण सर्वजण ‘लाबुतिक’ म्हणतो, प्रत्येक घराची एक ‘कार्ने’ असे. महिनाभर माल उधार न्यावा, दुकानदाराने त्या वहीत लिहावा आणि वेतनाच्या दिवशी हिशेब चुकता करावा, अशी पद्धत. या कार्नेने अनेक घरे तगविली आणि काही घरे बुडविलीही. आईने त्यावर एक उपाय योजिला होता. दुकानाच्या वहीखेरीज तिची स्वतःची एक वही होती. बैठकेत शिकलेल्या मराठी अक्षरांत ती प्रत्येक जिन्नस त्यात नोंदवी आणि महिनाअखेरीस दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाही. तिचा एक नियम होता: जी वस्तू एका दिवसात संपते, तिचे देणे महिनाभर डोक्यावर ठेवू नये. म्हणून तांदूळ, पीठ, तेल उधार येई. बिस्किटे आणि शीतपेये रोख पैसे असतील तरच. अर्थशास्त्राचे मोठे ग्रंथ मी पुढे चाळले. परंतु घरगुती कर्जाविषयी याहून शहाणा नियम मला आढळला नाही.

आणि तरीही आमचे ताट कधी उदास नसे, हे मी अभिमानाने सांगतो. या भूमीत पालेभाजी विकत घ्यावी लागणे हीच आईला उधळपट्टी वाटे. कुंपणाला शेवगा, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, मांडवावर चुशूचा वेल. त्या एका वेलाची फळे एके दिवशी रश्शात पडत आणि कोवळे शेंडे दुसऱ्या दिवशी ‘ब्रेद’ म्हणून भातासोबत येत. डाळ रात्रीच भिजत पडे, म्हणजे सकाळी इंधन कमी लागे. भाताची पेज निथळून काढली जाई. ती थोडी आजीच्या पोटात आणि थोडी सुती साड्यांच्या खळीसाठी. बाजार उठावयाच्या सुमारास भाजीवाले उरलेला माल ढिगाने देऊन टाकतात; त्या वेळी वडील जात आणि थोडी दबलेली पोम दामूर, म्हणजे आपले टोमॅटो, भरपूर घेऊन येत. त्याचा रूगाय होई, आणि त्या रात्री घरभर कांद्याचा, आल्याचा व थाईमचा असा सुगंध दरवळे की शेजारीही विचारीत, “आज काय विशेष?”

करमणुकीसही द्रव्य लागते असे आम्हांस वाटत नसे. वर्षातून चार-सहा वेळा, रविवारी, एक मोठे पातेले फडक्यात बांधून आम्ही बसने फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर जात असू. सुरूच्या झाडांखाली चटई, पातेल्यात भात, बाटलीत लिंबाचे पाणी. समोरच्या सागरास तिकीट नव्हते. जे सुख परदेशी प्रवासी हजारो रुपये मोजून विकत घेतात, ते आम्ही बसभाड्यात घरी आणीत होतो.

येथवर लिहून थांबलो असतो, तर हा लेख गोड झाला असता. परंतु तो पूर्ण सत्य झाला नसता.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे देश बंद झाला. काही दिवस तर मोठी दुकानेही बंद होती. पुढे आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे प्रत्येकास आठवड्यातून दोन दिवस खरेदीची मुभा मिळाली. घरात जे आहे त्यात भागविणे आले. आईकडे तेव्हा सर्व कुटुंब नव्याने आदराने पाहू लागले, कारण पिठाच्या डब्यातून किती दिवस निघतील हे तिला न मोजता कळत होते. त्या रिकाम्या दिवसांत कपाटे आवरता आवरता तिच्या जुन्या वह्या माझ्या हाती आल्या.

मी त्या कौतुकाने वाचू लागलो. तांदूळ, तेल, वडिलांचे बसभाडे, आजीचे औषध, गणपतीची वर्गणी, माझी शिकवणी. आपल्या देशात शाळा विनामूल्य असली तरी शिकवणीचे शुल्क कोणा घरास चुकले आहे? १९९३ च्या वहीत एका महिन्याच्या अखेरीस एक शब्द होता: ‘चष्मा’. त्यावर रेघ मारलेली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा ‘चष्मा’, पुन्हा रेघ. असा तो शब्द अकरा महिने पुढे पुढे ढकलला गेला होता. आणि प्रत्येक वेळी रेघेखाली माझ्या किंवा बहिणीच्या नावाने काही ना काही खर्च मांडलेला होता.

मला एकदम आठवले. त्या वर्षी आई रात्री मला जवळ बोलावून म्हणे, “बाळा, सुईत दोरा ओवून दे.” मला तो खेळ वाटे. किती लवकर ओवतो म्हणून मी फुशारकीही मारी. दिवसभर कारखान्यात शिवण करणाऱ्या बाईला सुईचे छिद्र दिसत नाही, याचा अर्थ मला किंवा वडिलांना, कोणालाही समजला नाही.

मी ती वही तिच्यासमोर नेली. तिने पाने उलटली, हसली आणि म्हणाली, “अरे, तेव्हा तुझी परीक्षा होती.” एवढेच.

त्या दिवसापासून काटकसरीविषयीचे माझे मत बदलले नाही. पण त्यात एक अट मिळाली. ज्या घरात सर्वजण थोडे थोडे सोडतात, तेथे काटकसर असते. जेथे एकच व्यक्ती सोडते आणि इतरांना त्याचा पत्ताही नसतो, तेथे काटकसर नव्हे, एकाचे उपोषण चालू असते. आणि आपल्या समाजात ते उपोषण बहुधा कोणाच्या वाट्याला येते, हे का सांगावयास हवे? आपण त्यास त्याग म्हणून गौरवितो. गौरव करणे सोपे आहे. वेळीच वही पाहणे कठीण आहे.

म्हणून आमच्या घरी आता महिन्याचा हिशेब रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, सर्वांसमक्ष होतो. पत्नी व मी दोघेही आपापले वेतन सांगतो. मुलगा वीज व पाण्याची देयके वाचतो, मुलगी बेरीज करते. २०२२ मध्ये या देशात भाववाढ १०.८ टक्क्यांवर गेली, तेव्हा काय कमी करावे हे आम्ही मुलांनाच विचारले. मुलाने आठवड्याचे बाहेरचे खाणे महिन्यावर आणले. मी मोटार घरी ठेवून दोन दिवस बसने शाळेस जाऊ लागलो. कोणासही ओरडावे लागले नाही. कारण निर्णय ज्याचा त्याने घेतला होता.

आमच्या वहीत एक रकाना मात्र आईच्या वहीत नव्हता असा आहे. घरातील प्रत्येकाच्या नावापुढे ‘स्वतःसाठी’ अशी एक लहानशी रक्कम लिहिलेली असते, आणि ती खोडण्याचा अधिकार कोणालाही नाही, ज्याची त्यालाही नाही. फारच अडचण आली तर सर्वांचीच सारखी कमी होते. वर्षअखेरीचा तेरावा पगार हाती आला की प्रथम जानेवारीतील शाळेचा खर्च बाजूला काढावा, मग देवाचा, मग घराचा. परंतु हा रकाना त्याही वेळी आपल्या जागी राहतो. आमच्या आईने आपल्या रकान्यातून गेल्या वर्षी काय घेतले, ते सांगू? चुशूच्या वेलासाठी नवा मांडव! तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी केव्हाच शिकलो आहे.

बंधुभगिनींनो, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण मुलांना शिकवितो. ते योग्यच आहे. मात्र त्या अंथरुणावर घरातील सर्वांना जागा मिळाली आहे ना, हेही एकदा उठून पाहावे. यंदाच्या उत्सवाच्या खर्चाची यादी लिहावयास बसाल, तेव्हा ती मोठ्याने वाचा, आणि तिच्यात कोणाचे नाव राहून गेले आहे काय, ते विचारा. श्रीगणेश आपल्या सर्वांच्या घरी अन्न, आरोग्य आणि हा सामंजस्याचा आनंद अक्षय ठेवो, हीच प्रार्थना.