रिकामा डबा

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळ झाला नाही. आई त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली होती आणि वर्ष व्हायचं होतं. पण वसुबारसेपासूनच दारावरची बेल वाजू लागली. मंडळातल्या मैत्रिणी एकेक डबा देऊन जात होत्या. "तुमच्याकडे यंदा तळणार नाही ना, म्हणून आणलं." धनत्रयोदशीपर्यंत टेबलावर सात डबे जमले. मुलं प्रत्येक डब्यातली चकली मोडून खात होती. काय शोधताहेत ते मला कळत होतं. आजीची चकली त्यात नव्हती.

आई वाईची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली आणि 2010 साली माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी पहिल्यांदा एडिसनला आली. त्यानंतर आणखी पाच वेळा. दर वेळी व्हिसाच्या नियमाप्रमाणे सहा महिने. बॅगेत स्वतःच्या चार साड्या आणि बाकी सगळं आमचं: भाजणी, मेतकूट, अळीव, डिंक, बाळाची दुपटी.

इथल्या घरात ती दोन आठवड्यांत रुळली. थंडीत विरजण लागत नाही म्हटल्यावर ओव्हनचा नुसता दिवा लावून आत दह्याचं भांडं ठेवायला शिकली. मटकीला मोड आणायला हीटरच्या जाळीशेजारची जागा तिने हेरली. बाळाला ओव्याची धुरी द्यायचा पहिला प्रयत्न मात्र स्मोक अलार्मने हाणून पाडला. "तुमच्या घराला धूर सोसत नाही गं," म्हणाली आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला लागली.

2012 च्या ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. तो तीन आठवड्यांचा असताना सँडी वादळ आलं आणि आमची वीज गेली, ती सहा दिवसांनी आली. मी रडकुंडीला आले होते. आई म्हणाली, "आमच्याकडे लोडशेडिंग असतं तेव्हा काय बाळं न्हात नाहीत?" गॅस काडीने पेटवून तिने पाणी तापवलं, बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून दोन वर्षांच्या नातीला मांडीवर घेतलं आणि शुभंकरोती म्हणून घेतली. वीज आल्यावरही तो नेम मोडला नाही. पुढच्या खेपांना टपालात येणाऱ्या जाहिरातींच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवणं सुरू झालं. माझी दोन्ही मुलं मराठी वाचतात, ती त्या कागदांवर शिकली. त्याचं श्रेय मी कधी घेऊ शकत नाही.

इथवरच्या आठवणी आम्ही सगळे हसत सांगतो. पुढची मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

2013 च्या जानेवारीत मावशी गेली. आईची पाठची बहीण, दोघी एकाच गावात दिलेल्या. सकाळी दादाचा फोन आला. माझी बारा आठवड्यांची रजा संपत होती, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मी विचारलं, "आई, तिकीट काढू का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता जाऊन काय करणार? पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल. तू सोमवारी जा कामाला." मी "बरं" म्हटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तिने डोक्यावरून आंघोळ केली, दिवा लावला आणि तासाभराने नातीसाठी मऊ भात कालवायला बसली. त्या दिवशी तिच्याजवळ बसून मावशीबद्दल मी एक शब्दही विचारला नाही. सोमवारची तयारी करत होते.

ते मला कळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. रात्री साडेनऊला दादाचा फोन आला तेव्हा वाईत सकाळचे आठ वाजले होते. "तुझ्यासाठी थांबू का?" त्याने विचारलं. नेवार्कहून मुंबई, मुंबईहून वाई. मी म्हटलं, "थांबू नका. पोचेपर्यंत..." आणि वाक्य तिथेच अडकलं. ते आईचं वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटावर अस्थिविसर्जनाला मी होते. तिथे आईच्या मैत्रिणी भेटल्या. एक म्हणाली, "कृष्णामाईच्या उत्सवाला तिची फार आठवण यायची. नेमकी थंडीत ती तुझ्याकडे असायची." मी मनात हिशेब केला. सहा खेपा, सहा-सहा महिने. तीन वर्षं. आम्ही सगळ्यांना सांगायचो, "आई मदतीला आलीय." त्या तीन वर्षांत तिचं तिथे काय काय राहून गेलं, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आपल्या मंडळात आज कितीतरी घरी आई-सासूबाई अशाच सहा महिन्यांसाठी आलेल्या असतील. संध्याकाळी पार्कमध्ये स्वेटरवर साडी सावरत बाबागाडी ढकलताना दिसतात. त्यांना काय आवडतं हे आपण विचारतो, औषधं आणतो, नायगारा दाखवतो. कधीतरी हेही विचारावं, की आत्ता तिकडे असता तर आज काय करत असता? उत्तर ऐकायला थोडा वेळ काढावा. मला ते जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

भाऊबीज झाल्यावर मी डबे घासून, पुसून परत द्यायला पिशवीत भरले. लेक आली आणि एकेक डबा बाहेर काढू लागली. "अगं, काय करतेस?"

"आजी म्हणायची, एम्प्टी डबा परत द्यायचा नाही."

"पण यंदा आपल्याकडे काही केलेलंच नाही."

"मग साखर घालायची. तिनेच सांगितलं होतं." तिने साखरेचा डबा खाली काढला आणि सातही डब्यांत दोन-दोन चमचे साखर घातली. धाकट्याने झाकणं लावली.

यंदा आम्ही चकल्या करणार आहोत. भाजणी दादाने वाईहून पाठवली आहे. सोऱ्या आईचाच आहे. शेवटच्या खेपेला तो ती इथेच ठेवून गेली होती.