जातींची मोजणी आणि सैन्याची भरती

जबलपूरच्या छावणीत आज ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे केंद्र आहे. याच रेजिमेंटची पूर्वीची पलटण म्हणजे १०१वी ग्रेनेडियर्स. तिच्यातल्या मेजर आर. एम. बेथम यांनी सरकारी हुकमावरून मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर एक हस्तपुस्तक तयार केले. ते १९०८ साली कलकत्त्यात छापले गेले. इतिहास, कुळे, चालीरीती, सण ही सारी मानववंशशास्त्राची सामग्री. ती वाचायची भरतीवरच्या गोऱ्या अधिकाऱ्याने.

तेव्हा अशी माहिती गोळा करणे हे प्रतिष्ठेचे शास्त्र होते. हर्बर्ट रिस्ले तर नाकाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावू पाहत होते. मध्य प्रांतातली पाहणी आर. व्ही. रसेल यांच्याकडे होती. त्यांना साथ लाभली रायबहादूर हिरालाल यांची. हिरालाल मुरवाड्याचे, म्हणजे तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातल्या आजच्या कटनीचे. ३० डिसेंबर १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात 'पर्शिया' जहाज बुडवले, त्यात रसेल गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या ग्रंथाचे चार खंड निघाले. त्यावर हिरालाल यांचे नाव साहाय्यक म्हणून आहे. हा मान मला फार तोकडा वाटतो.

या सगळ्या शास्त्राचा खोटेपणा महारांच्या बाबतीत उघडा पडला. मुंबई फौजेत ते पिढ्यान्पिढ्या लढले होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार झाले. पण लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत बळावला आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांना भरतीची दारे बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी रक्त सांडले, त्यांना लढाऊपणाचा दाखला मागणे हा घोर अन्याय होता. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली.

पहिल्या महायुद्धात सैन्याला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. त्यासाठी कोणी नव्याने नाके मोजली नव्हती. युद्ध संपले आणि १९२१पर्यंत ती पलटण मोडलीही.

दुसऱ्या महायुद्धाने तेच दार पुन्हा उघडायला लावले. डॉ. आंबेडकर १९४१च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावर गेले आणि महारांच्या भरतीसाठी त्यांनी नेटाने पाठपुरावा केला. त्याच ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी झाली. या रेजिमेंटचे केंद्र आज जबलपूरच्या वायव्येला, सागरला आहे.