मोटारींच्या चावीविरहित प्रवेश प्रणालीची सुरक्षितता : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

चावी कुलपात घालून फिरविण्याची क्रिया नव्या मोटारींमधून हळूहळू नाहीशी होत आहे. स्मार्ट चावी खिशात ठेवून मालक गाडीजवळ गेला की दार उघडते आणि आतील बटण दाबताच इंजिन सुरू होते. एकेकाळी केवळ महागड्या मोटारींत आढळणारी ही सोय आज मध्यमवर्गीयांच्या मोटारींतही उपलब्ध आहे. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथील भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरात आणि जवळच्याच औंढा नागनाथ येथे येणाऱ्या भाविकांच्या वाहनांमध्ये तसेच गावोगावच्या महाविद्यालयांच्या आवारात अशा मोटारी आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. घरानंतर मोटार ही नोकरदार कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी असते व ती बहुधा कर्ज काढूनच केली जाते. म्हणूनच ही सोय कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांपुरता मर्यादित राहत नाही.

उद्दिष्टे :

१) चावीविरहित प्रवेश प्रणालीचे कार्य समजून घेणे.
२) या प्रणालीतील प्रमुख उणिवांचा शोध घेणे.
३) उपलब्ध उपाययोजनांचे मूल्यमापन करणे.

प्रस्तुत लेखासाठी प्रकाशित संशोधनाचा आधार घेतला असून मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे.

प्रणालीचे कार्य :

सामान्य व्यवहारात ज्यास 'रिमोट' म्हटले जाते त्यात वस्तुतः तीन स्वतंत्र यंत्रणा असतात. पहिली यंत्रणा बटण दाबून दार उघडण्याची. यात चावी प्रत्येक वेळी नवा संकेत पाठविते, त्यामुळे एकदा वापरलेला संकेत ध्वनिमुद्रणाप्रमाणे साठवून पुन्हा वापरता येऊ नये अशी योजना असते. दुसरी यंत्रणा इमोबिलायझरची. चावीतील सूक्ष्म चिपची ओळख पटल्याशिवाय ती इंजिन सुरू होऊ देत नाही. तिसरी यंत्रणा म्हणजे बटण न दाबता दार उघडणारी खरी चावीविरहित प्रणाली होय.

या तिसऱ्या यंत्रणेत मोटार सुमारे १२५ किलोहर्ट्झ इतक्या कमी वारंवारितेवर एक प्रश्न प्रसारित करते. हा संदेश एक ते दोन मीटरपर्यंतच पोहोचतो. चावी तो ग्रहण करून गुप्त सूत्राच्या साहाय्याने उत्तर तयार करते व आपल्याकडे प्रामुख्याने ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास ते परत पाठविते. उत्तर बरोबर असल्यास दार उघडते. येथे रचनाकारांनी एक गृहीतक स्वीकारले आहे. ते असे की, प्रश्न जवळच ऐकू येतो, म्हणून ज्या चावीने उत्तर दिले ती जवळच असली पाहिजे. या प्रणालीचा मुख्य दोष याच गृहीतकात आहे.

उणिवांचे स्वरूप :

अ) रिले पद्धती : दोन चोरांपैकी एक मोटारीजवळ उभा राहतो व दुसरा चावीजवळ. पहिल्याकडील यंत्र मोटारीचा प्रश्न ग्रहण करून दुसऱ्याकडे पोहोचविते आणि दुसऱ्याचे यंत्र तो प्रश्न चावीला ऐकविते. चावी प्रामाणिकपणे उत्तर देते. मोटारीला ते योग्य वाटते व दार उघडते. यात कोणतेही गुप्त सूत्र फोडावे लागत नाही. दोन व्यक्तींमधील खरे संभाषण तिसऱ्याने केवळ लांबवर पोहोचवावे, तसाच हा प्रकार आहे. झुरिच येथील स्विस तंत्रज्ञान संस्थेतील फ्रान्सिलाँ, डानेव व चापकुन या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मोटारींवर हा प्रयोग केला. दहाही मोटारी उघडल्या व सुरू झाल्या. इंजिन एकदा सुरू झाल्यावर चावी दूर गेली तरी सुरक्षेच्या कारणास्तव ते आपोआप बंद होत नाही. परिणामी चोराला मोटार दूरवर नेता येते.

आ) कमकुवत गुप्तलेखन : काही उणिवा मात्र गुप्त सूत्रातच होत्या. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या व पुढे जगभर वापरल्या गेलेल्या कीलॉक या पद्धतीचे भेदन २००७ व २००८ मध्ये युरोप व इस्रायलमधील संशोधकांनी दाखविले. फोक्सवागेन समूहाच्या १९९५ पासूनच्या अनेक मोटारींचे रिमोट मोजक्याच सामाईक गुप्त संकेतांवर अवलंबून असल्याचे २०१६ मध्ये बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी सिद्ध केले. बाधित वाहनांची संख्या दहा कोटींच्या घरात असावी असा त्यांचा अंदाज होता. २०१८ मध्ये बेल्जियममधील लुव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी टेस्लाच्या मॉडेल एस मोटारीच्या चावीची नक्कल काही सेकंदांत करून दाखविली. तेथे केवळ ४० बिटांचा गुप्त संकेत वापरला होता.

इ) संदेशात अडथळा : मालकाने दार बंद करण्याचे बटण दाबले, परंतु त्याच वेळी कोणी त्याच वारंवारितेवर गोंगाट प्रसारित केला तर संदेश मोटारीपर्यंत पोहोचत नाही. दार उघडेच राहते. यात्रेच्या गर्दीतील वाहनतळावर वापरण्यास ही पद्धत सोपी आहे, कारण तीत मोटार नव्हे तर आतील सामान चोरणे हाच हेतू असतो.

ई) अंतर्गत जाळ्यात प्रवेश : टोयोटा आरएव्ही-४ मोटारीच्या पुढील दिव्याजवळील तारांतून अंतर्गत संदेशजाळ्यात खोटा संदेश घालून दार उघडल्याचे प्रकरण २०२३ मध्ये प्रकाशित झाले. येथे चावीचा संबंधच येत नाही. यावरून केवळ चावी बळकट करणे पुरेसे नाही, हे स्पष्ट होते.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण :

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. तिच्या काही मोटारींची जुळणी २०११ पासून पुण्यात होते. ब्रिटनमध्ये २०२२-२३ च्या सुमारास या कंपनीच्या मोटारींच्या चोऱ्यांची मोठी चर्चा झाली. विम्याचे हप्ते वाढले व काही मालकांना विमा मिळणेही कठीण झाले. २०१८ पासूनच्या काही मॉडेलमध्ये कंपनीने अल्ट्रा-वाइडबँड तंत्राची चावी आणली होती, परंतु त्याआधीच्या असंख्य मोटारी रस्त्यावर होत्या. जुन्या मोटारींची सुरक्षा अद्ययावत करण्यासाठी कंपनीने २०२३ मध्ये एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च करत असल्याचे जाहीर केले. मोटारीची सुरक्षितता विक्रीच्या दिवशी संपत नाही, तर वाहनाच्या संपूर्ण आयुष्यभर उत्पादकास ती जपावी लागते, हा बोध या उदाहरणातून मिळतो. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने हे विशेषत्वाने लक्षात घ्यावे.

तांत्रिक उपाय :

रिले पद्धतीवरील मूलभूत उपाय म्हणजे अंतर प्रत्यक्ष मोजणे. रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. प्रश्न गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा काळ अचूक मोजल्यास चावीचे अंतर काढता येते. संदेश लांबच्या मार्गाने आणल्यास वेळ अपरिहार्यपणे वाढतो. प्रकाशाच्या वेगाला मागे टाकणारे यंत्र चोरालाही बनविता येत नाही. अल्ट्रा-वाइडबँड तंत्र याच तत्त्वावर आधारलेले आहे. २०२१ मधील डिजिटल की ३.० या मोबाईल-चावीच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा समावेश झाला. तथापि, २०२२ मध्ये संशोधकांनी काही चिपमधील अंतर-मापनही फसविता येते असे दाखविल्याने त्याची अंमलबजावणी काटेकोर असणे आवश्यक ठरते. जर्मनीतील एडीएसी या मोटारचालक संघटनेने शेकडो मॉडेलची चाचणी घेतली असून बहुसंख्य मॉडेल रिले पद्धतीला बळी पडल्याचे तिच्या निष्कर्षांतून दिसते.

तुलनेने स्वस्त उपाय म्हणजे चावीत हालचाल ओळखणारा संवेदक बसविणे. चावी काही काळ स्थिर राहिल्यास ती झोपी जाते व प्रश्नाला उत्तर देत नाही. रात्री घरात ठेवलेल्या चावीचे यामुळे रक्षण होते, मात्र खिशात चालत्या मालकाबरोबर असलेल्या चावीचे होत नाही.

नियमनाच्या पातळीवर संयुक्त राष्ट्रांचा वाहन सायबर सुरक्षेविषयीचा नियम क्रमांक १५५ युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या वाहनप्रकारांना व जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना लागू झाला. भारतात त्याच धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक आखण्यात आले आहे.

मालकाच्या दृष्टीने परिणाम व दक्षता :

या चोरीचे सामाजिक अंग तितकेच महत्त्वाचे आहे. काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही, दोन्ही चाव्या मालकाच्या हातात असतात. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या साधारणतः दोन्ही मूळ चाव्यांची मागणी करतात. एक चावी हरवलेली असल्यास प्रामाणिक मालकावरच संशयाची सुई फिरू शकते. तपास अधिकाऱ्यासही घटनास्थळी भौतिक खूण सापडत नाही. म्हणून पुढील दक्षता उपयुक्त ठरतात :

१) चावी दारालगतच्या खुंटीवर अडकवू नये. ती घराच्या आतील भागात, घट्ट झाकणाच्या पोलादी डब्यात किंवा संदेशरोधक पाकिटात ठेवावी. अशी पिशवी वा डबा मोटारीच्या दाराशी नेऊन दार उघडत नाही ना, हे पाहून घ्यावे.
२) मोटारीच्या सेटिंगमध्ये सोय असल्यास चावीविरहित प्रवेश बंद करून केवळ बटणाचा वापर करावा.
३) गर्दीच्या ठिकाणी दार बंद झाल्याची खात्री हाताने हँडल ओढून करावी.
४) स्टिअरिंगला बाहेरून लावण्याचे लोखंडी कुलूप वापरावे. रेडिओसंदेशाने ते उघडत नाही.
५) दोन्ही चाव्या जपाव्यात. एखादी हरविल्यास पोलिसांकडे नोंद करून अधिकृत सेवा केंद्रातून तिची ओळख मोटारीतून रद्द करून घ्यावी.

निष्कर्ष :

१) चावीची ओळख पटविणे आणि चावी जवळ असल्याची खात्री करणे या दोन भिन्न बाबी आहेत. बहुतेक प्रणाली पहिली बाब करतात व दुसरी गृहीत धरतात.
२) गुप्त सूत्र कितीही बळकट असले तरी अंतर-मापनाशिवाय रिले पद्धतीपासून संरक्षण मिळत नाही.
३) उत्पादकाने विक्रीपश्चात सुरक्षा-सुधारणा देणे हे ग्राहकाच्या हक्काचा भाग मानले जावे.
४) तोपर्यंत पोलादी डबा व लोखंडी कुलूप ही जुनी साधनेच सामान्य मालकाचे अल्प खर्चात रक्षण करू शकतात. नव्या मोटारीची निवड करताना रंग व मायलेज यांच्याबरोबरच चावी अंतर मोजते किंवा नाही, हा प्रश्न विक्रेत्यास विचारण्याची सवय सुशिक्षित वर्गाने लावून घेणे गरजेचे आहे.