फावडं कशाला?

अक्रोड फोडला की गराच्या दोन फाका दिसतात, मधे जराशा जोडलेल्या. माणसाचा मेंदूही दिसायला तसाच. दोन गोलार्धांमधली खोल चीर फाकवली की तळाशी एक पांढरा, लांबट पट्टा लागतो. हा कॉर्पस कॅलोसम. लांबी साधारण १० सेंटिमीटर, आणि तेवढ्यात सुमारे २० कोटी चेतातंतू या गोलार्धातून त्या गोलार्धात निरोप नेत असतात. मायलिन या स्निग्ध आवरणामुळे तो पांढरा दिसतो. लॅटिन नावाचा अर्थ ‘राठ पिंड’.

एवढा मोठा जुडगा करतो काय, हे मात्र बराच काळ उमगत नव्हतं. अपस्माराचा झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून १९४०च्या सुमारास अमेरिकेत विल्यम व्हॅन वॅगेनेन यांनी काही रुग्णांचे हे तंतू कापले. रुग्णांच्या वागण्या-बोलण्यात फारसा फरकच दिसेना! दोन्ही गोलार्ध खाली लोंबू नयेत एवढंच याचं काम असावं, अशी थट्टा मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली करत.

फरक होता, तो बघायची युक्ती सापडली नव्हती. ती रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात शोधली. नजरेच्या उजव्या बाजूचं दृश्य डाव्या गोलार्धात जातं, डावीकडचं उजव्यात. आणि बोलणं बहुतेकांच्या डाव्या गोलार्धाच्या हाती. तंतू कापलेल्या रुग्णाला डावीकडे चित्र क्षणभर दाखवलं, तर तो म्हणे, ‘काहीच दिसलं नाही.’ पण उजव्या गोलार्धाच्या हुकमात असलेला त्याचा डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी तीच वस्तू उचले. स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं.

पुढे गॅझानिगा आणि जोसेफ लडू यांनी अशाच एका मुलाला एकाच वेळी दोन चित्रं दाखवली: उजवीकडे कोंबडीचा पंजा, डावीकडे बर्फाने वेढलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्याने बर्फ उपसायचं फावडं. बर्फ पाहिला होता मुक्या उजव्या गोलार्धाने. बोलक्या डाव्याला त्याचा पत्ताच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर मुलगा जराही अडखळला नाही. पंजा कोंबडीचा, म्हणाला, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.