रॉबिन हूडचा चित्रपट आणि भूदासांचा इतिहास

वसतिगृहातील मुलांना मी रॉबिन हूडवरचा १९३८ सालचा अमेरिकन चित्रपट दाखवला. एरॉल फ्लिन त्यात नायक आहे. तलवारी, तिरंदाजी, झाडांवरून उड्या. मुले खूष झाली. शेवटी राजा रिचर्ड परत येतो, दुष्ट भाऊ जॉनला हद्दपार करतो आणि रॉबिनला सरदारकी देतो. त्यावर एका मुलाने विचारले, "सर, मग गरिबांना हरणे मारायची परवानगी मिळाली का?"

प्रश्न बिनतोड होता. चित्रपटाची सुरुवातच राजाचे हरीण मारले म्हणून पकडलेल्या एका गरिबापासून होते. हा जुलूम चित्रपट जॉन आणि त्याच्या नॉर्मन सरदारांच्या माथी मारतो. वस्तुतः तो कायदा राजाचाच होता. त्या काळी इंग्लंडात 'फॉरेस्ट' म्हणजे नुसती झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. त्यात गावे आणि शेतेही येत. परवानगीवाचून पडीक जमीन नांगराखाली आणली तरी दंड. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याविषयी लिहिलेले ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत व वृषण छाटावेत, असा हुकूम ११९८ साली निघाला, तो चित्रपटातील याच 'प्रजावत्सल' रिचर्डच्या नावे! दहा वर्षांच्या कारकिर्दीत हा राजा इंग्लंडात सहा महिनेही राहिला नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. चित्रपटात सगळा झगडा सॅक्सन विरुद्ध नॉर्मन, म्हणजे भूमिपुत्र विरुद्ध परका, असा आहे. ही मांडणी लोकप्रिय केली वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ च्या कादंबरीने. रिचर्डच्या बापाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने मात्र ११७० नंतरच्या दशकातच लिहून ठेवले आहे की, स्वतंत्र माणसांत इंग्रज कोण आणि नॉर्मन कोण हे आता ओळखू येत नाही. अपवाद त्याने एकाच वर्गाचा केला: जमिनीला जखडलेल्या भूदासांचा. खरी रेघ तिथे होती. ती पुसून वंशाची रेघ ओढली की एका चांगल्या राजाच्या येण्याने सगळे मिटते. भूदासाचा प्रश्न पडद्यावर येतच नाही.

जुन्या पोवाड्यांतला रॉबिन सरदार नव्हताच. तो 'योमन', म्हणजे स्वतंत्र पण बिनपदवीचा माणूस. त्याला उमराव केले सोळाव्या शतकाच्या अखेरच्या नाटककारांनी. १५०० च्या सुमारास छापलेल्या दीर्घ पोवाड्यात राजाचे नाव एडवर्ड आहे. त्याच्या दरबारी चाकरीत रॉबिन वर्ष-सव्वा वर्षातच कंटाळतो आणि रानात परततो. हा शेवट हॉलिवूडला मानवणारा नव्हता.

मुलाला मी खरे तेच सांगितले. १२१७ च्या वनसनदेने हरणापायी जीव वा अवयव घेणे बंद झाले, पण जंगलातील जमीन कसण्यासारखे हक्क तिने दिले ते 'स्वतंत्र माणसा'ला. पुढे १३८१ च्या शेतकरी बंडात वॉट टायलरने भूदासपण रद्द करा अशी मागणी केली. राने, पाणी आणि शिकार गरीब-श्रीमंत सर्वांना खुली करा, असेही त्याने मागितल्याची नोंद एका बखरकाराने केली आहे. समोर चौदा वर्षांचा राजा होता. त्याचेही नाव रिचर्डच, दुसरा. टायलरला त्याच भेटीत मारण्यात आले आणि बंडकऱ्यांना लिहून दिलेल्या मुक्ततेच्या सनदा त्या राजाने पुढे रद्द केल्या.